मीठ आत की बाहेर

आबांच्या पायाची सूज आधी माझ्या बायकोला दिसली. आबा म्हणजे माझे वडील. महिन्या-दोन महिन्यांनी ते तलवाड्याहून गेवराईला आमच्याकडे येत, दोन दिवस राहत आणि तिसऱ्या दिवशी मेंढरांची आठवण काढून परत जात. त्या खेपेला ते दारात चप्पल काढायला वाकले तर चपलेचा पट्टा पायात रुतून बसलेला. बायकोने तो सोडवला आणि घोट्यावर बोट दाबून पाहिलं. बोटाचा खड्डा बराच वेळ तसाच राहिला.

"आबा, हे कधीपासून?" तिने विचारलं.

"चालून चालून भरलाय पाय. जाईल की," आबा म्हणाले.

पन्नास वर्षं मेंढरांमागे चालून जो पाय भरला नव्हता, तो जीपमध्ये बसून आल्यावर भरला होता. मी जीवशास्त्राचा मास्तर. अकरावी-बारावीला सूज, रक्त, हृदय सगळं शिकवतो. पण ती सूज मला दिसली नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं की आबांचं हृदय थकलंय, पंपाचा जोर कमी झालाय, म्हणून पाणी अंगात साठतंय. गोळ्या दिल्या. मीठ अगदी नावाला. पाणी दिवसाला सव्वा लिटर, त्यातच चहा, ताक आणि कालवणाचा रस्सा धरायचा. यापेक्षा जास्त झालं तर पाणी फुप्फुसात चढेल आणि जीवावर बेतेल, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"सव्वा लिटर म्हंजी किती?" आबांनी विचारलं. डॉक्टरांनी टेबलावरची बाटली उचलून दाखवली. आबा हसले. "एवढ्यात तर मी चूळ भरतो."

मेंढरं चुलत्याच्या हवाली झाली आणि आबा आमच्याकडे राहायला आले. इथून आमचं भांडण सुरू झालं. मी बाटलीवर मार्करने रेघा ओढल्या. सकाळी इथपर्यंत, दुपारी इथपर्यंत, संध्याकाळी इथपर्यंत. कॉलेजातून आलो की आधी बाटली बघायची, मग घरात पाय. बाटलीतलं पाणी नेमकं रेघेवर असायचं आणि आबांचे पाय मात्र तसेच सुजलेले. चार दिवसांनी उलगडा झाला. आबा न्हाणीघरात जाऊन नळाला ओंजळ लावत होते. मी तिथे डोळा ठेवला तर ते शेजाऱ्यांच्या ओट्यावर गप्पा मारायला जाऊ लागले. शेजारीण बिचारी म्हाताऱ्या माणसाला पाणी विचारल्याशिवाय राहते होय?

मी चिडलो. माझा स्वभावच तसा आहे, आधी आवाज चढतो आणि मग कारण आठवतं. आबा शांतपणे ऐकून घेत. एकदाच ते उसळले.

"आयुष्यभर पाण्यामागं हिंडलो. दोन-दोन कोस गेलतो एकेका हिरीसाठी. आता नळ दारात आला, जार घरात आला, फ्रीजमदी गार पाणी आलं, अन् तू म्हणतोस पिऊ नको. कावून पिऊ नको?"

यावर माझ्याकडे परीक्षेत लिहिण्यासारखं उत्तर होतं, पण बापाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात माझा दुसरा एक उद्योग फसत होता. दरवर्षी प्रात्यक्षिकाआधी मी पॅरामेशियम वाढवतो. हा एका पेशीचा जीव. कडब्याचे तुकडे पाण्यात भिजत घालायचे, डबक्याच्या पाण्याचे चार थेंब टाकायचे, आणि बरणी आठवडाभर उबेला ठेवायची, की पाण्यात हे जीव लाखांनी होतात. प्रयोगशाळेत मांजरं बरण्या पाडतात म्हणून मी हे काम घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीत करतो. बायकोने या गोष्टीला कधीच मनापासून परवानगी दिलेली नाही. त्या वर्षी दोन बरण्या फुकट गेल्या. वास तेवढा आला, जीव एकही नाही.

"काय सडवायलास?" आबांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली. "पाणी कोणतं घातलं?"

"जारचं. एकदम शुद्ध."

"मंग मेले की. जारच्या पाण्याला ना चव ना वास. त्येच्यात काय जगतंय? अन् कडबा बी कोरा करकरीत. पावसात भिजून काळा पडलेला पायजे."

दोन दिवसांनी तलवाड्याच्या जीपमधून चुलत्याने एक पार्सल पाठवलं. काळा पडलेला कडबा आणि मेंढरांच्या दगडी दोणीतलं हिरवट पाणी, तेलाच्या बाटलीत भरून. आबांनी स्वतः बरणी लावली. सहाव्या दिवशी पाण्याच्या वरच्या थरात पांढुरके ठिपके वळवळत होते, नुसत्या डोळ्यांना दिसतील इतके. मी आनंदाने ओरडलो. आबांनी "हूं" केलं, पण त्या दिवशी ते शेजारी गेले नाहीत.

कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक मी प्राचार्यांना विचारून घरी आणला होता. काचपट्टीवर एक थेंब घेतला. हे जीव भारी पळतात, म्हणून थेंबात कापसाचे चार तंतू टाकायचे, म्हणजे ते त्यात अडकून जागेवर राहतात. आबांनी डोळा लावला. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

"चपलेच्या तळव्यागत हाय."

"बरोबर. आता त्याच्या दोन टोकांना बघा. एकेक गोल फुगा दिसतो का?"

त्यांनी दुसरा डोळा तळहाताने झाकून घेतला. मग म्हणाले, "फुगला. फुगला. आरं, गेला! पुन्यांदा फुगायलाय."

पुस्तकात त्याला संकोची रिक्तिका म्हणतात. नाव ऐकून पोरं निम्मी झोपतात. गोष्ट मात्र साधी आहे. या जीवाच्या अंगात क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी. जिकडे क्षार जास्त तिकडे पाणी ओढलं जातं. त्याच्या अंगावरची कातडी म्हणजे पातळ पडदा, पाणी त्यातून सतत आत झिरपतं. नुसतं बसून राहिला तर फुगून फुटेल. म्हणून आत एक पिशवी आहे. शिरलेलं पाणी तिच्यात गोळा होतं, ती भरली की आवळते आणि पाणी बाहेर फेकते. पुन्हा भरते, पुन्हा आवळते. जन्मल्यापासून मरेपर्यंत त्याला सुट्टी नाही.

"म्हंजी ह्यो मुततोय," आबा म्हणाले.

"तसंच समजा."

"अन् तू पोरांना ह्येच शिकवितोस? त्येचा पगार देत्यात?"

स्वयंपाकघरातून बायको हसली. मी दुर्लक्ष केलं.

मग आबांनी एक गोष्ट केली, जी मला सुचली नसती. त्यांनी चिंचोके मागवले. मेंढरं वाड्यात घेताना आबा तोंडाने मोजत नाहीत. "डोळा कामात असला की तोंडानं मोजू नये, चुकतंय," असं त्यांचं म्हणणं. उजव्या हातातला एकेक चिंचोका डावीकडे टाकायचा, मेंढरू गेलं की चिंचोका गेला, आणि शेवटी चिंचोके मोजायचे. तसेच ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. पिशवी आवळली की एक चिंचोका डावीकडे. मी घड्याळ धरलं. मिनिटाला सात, पुन्हा सात, मग आठ. माझी पोरं गप्पा मारत मोजतात आणि मनाने आकडे लिहितात. इतकं स्वच्छ मोजमाप मी कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं.

मला चेव आला. म्हटलं, आता गंमत दाखवतो. काचेच्या कडेने पातळ मीठपाण्याचा एक थेंब सोडला.

"आता मोजा."

चिंचोके थांबत थांबत पडू लागले. मिनिटाला तीन. पुढच्या मिनिटाला दोन.

"कावून असं झालं?"

मी ऐटीत सांगितलं, "बाहेर मीठ वाढलं ना. आता पाणी आत कमी शिरतंय. त्याचं काम हलकं झालं."

"मिठानं हलकं झालं?"

"हो."

आबांनी मान हलवली आणि चिंचोके गोळा करून डब्यात ठेवले. त्यांना एवढं नीट समजलं याचा मला फार आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हे सगळ्यांना रंगवून सांगितलं.

पुढचा आठवडा घरात शांतता होती. आबा तक्रार करत नव्हते, अळणी भाजी निमूटपणे खात होते. मला वाटलं, विज्ञानाचा विजय झाला. आठव्या-नवव्या दिवशी दुपारी मी तासावर असताना बायकोचा फोन आला. आबा जेवून आडवे झाले होते आणि त्यांना श्वास घेता येत नव्हता. उठून बसवलं तर थोडं बरं, आडवं केलं की गुदमरायचे. ओठ काळवंडलेले. मी खडू टाकून पळालो.

दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. कपडे बदलताना त्यांच्या पटक्याच्या घडीतून प्लास्टिकच्या कागदाची एक पुरचुंडी पडली. बायकोने ती उघडली. आत जाडं मीठ होतं, मेंढरांना देतात ते. निम्मं संपलेलं.

दुसऱ्या दिवशी ते बोलण्याइतके सावरल्यावर मी विचारलं. आवाज चढवला नाही, चढतच नव्हता.

"तूच दावलंस की," ते म्हणाले. "मिठानं त्या जनावराचं काम हलकं झालं. म्हणलं माजं बी व्हईल. अन् तहान लई लागायची, म्हणून पाणी बी..." पुढे त्यांना खोकला आला.

मला तिथे बसवेना. बाहेर जिन्यावर जाऊन बसलो आणि रडलो. बापाला फसवायचा माझा हेतू नव्हता, पण अर्धवट शिकवून मी त्यांना इथवर आणलं होतं. पोरांनी चुकीचं उत्तर लिहिलं तर मी त्यांचे गुण कापतो. ते कुठून शिकली हे मी कधी विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी आबा घरी आले. खूप उतरले होते. मी त्यांच्यासमोर आवळ्याची एक फोड ठेवली आणि तिच्यावर मीठ टाकलं. थोड्या वेळात फोडीला पाणी सुटलं. लोणचं घालताना घरोघर दिसतं तेच.

"मीठ पाण्याला आपल्याकडं ओढतं, आबा. मीठ बाहेर असलं की पाणी बाहेर येतं. त्या जनावराच्या भवती मीठ होतं, म्हणून पाणी आत जाईना. तुमी मीठ खाल्लं, म्हंजी ते आत गेलं. मग ते पाणी आत ओढून धरून बसतं. फोड बघा अन् मग तुमचा पाय बघा."

आबांनी फोड बोटाने उलटीपालटी केली. "हे तू आदी सांगायचं व्हतंस."

"हो. चुकलं माझं."

आयुष्यात पहिल्यांदा मी आबांना हे म्हणालो असेन. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही, कारण ते सूक्ष्मदर्शकाकडे बघत होते. "मिठाबिगर दाव. जारच्या पाण्याहून बी शुद्ध पाण्यात."

मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणलं. त्यात क्षार नावालाही नसतात. थेंबात कडब्याच्या पाण्यातले थोडे जीव सोडले, कापूस टाकला, काच ठेवली. आबांनी चिंचोके मांडीवर घेतले. आता पिशवी भराभरा आवळत होती. चिंचोके टपाटप पडत होते, दहा, अकरा, बारा. आबा एकाच जीवावर डोळा ठेवून होते. मी म्हणालो, आता पुरे. ते उठले नाहीत.

अर्धा तास होऊन गेला असेल. चिंचोके हळू पडू लागले. मग बराच वेळ एकही पडला नाही.

"फुगलाय, पर आवळंना," आबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "फुटला."

खरं सांगायचं तर तो काही एकट्या पाण्याने मेला नाही. दिव्याची धग, काचेचा दाब, कोंडलेली हवा, सगळंच त्याला भोवलं. मी तसं बोलूनही दाखवलं, अर्धवट शिकवणं मला पुन्हा नको होतं. आबांनी डोळा काढला आणि चोळला.

"तरी पर दमलंच की. दमलेल्या जनावराला आपण हाकीत ऱ्हायलो." मग त्यांनी विचारलं, "माज्या पंपाचं बी असंच?"

"असंच आहे, आबा."

ते चिंचोके डब्यात भरत राहिले. ते त्या दिवशी जेवले कमी, बोलले त्याहून कमी.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या रेघा बंद केल्या. "तुज्या रेघा पोरांना," म्हणाले. पाण्याचा कारभार त्यांनी स्वतःच्या पद्धतीने हातात घेतला. लांबून, दिवसभर तहानलेला कळप पाण्यावर आला की मेंढपाळ त्याला सरळ पाण्यात घुसू देत नाही. आधी वारा लागेल असा उभा करतो, मग थोडं पाजतो, मागे ओढतो, चरायला लावतो, पुन्हा थोडं पाजतो. भसाभसा पिऊ दिलं तर जनावरं तिथेच फुगून आडवी होतात, हे आबा त्यांच्या बापाकडून शिकलेले. चहाच्या लहान पेल्यात ते दोन बोटं पाणी घेत. पेला समोर ठेवून थांबत. मग अर्धं पीत, अंगणात एक फेरी मारून येत, आणि उरलेलं पीत. मिठाची पुरचुंडी त्यांनी स्वतःच चुलत्याकडे मेंढरांसाठी परत पाठवली. बायको अळणी पिठल्यात लसूण-मिरची वाढवू लागली आणि आबा त्याला नावं ठेवत ठेवत दोन भाकरी खाऊ लागले.

महिनाभरात सूज उतरली. चप्पल पायात सैल झाली. ते दिवस फार चांगले गेले. सकाळी उन्हात बसून आबा खिडकीतल्या बरणीची देखभाल करत. दोणीचं पाणी संपत आलं की तलवाड्याला फोन करून मागवत, "मास्तरच्या जनावरांसाठी" म्हणून. माझ्या प्रात्यक्षिकाला त्या वर्षी प्रत्येक बाकावर जिवंत पॅरामेशियम होता. मी पोरांना चिंचोक्यांनी मोजायला लावलं. सहकाऱ्यांना सांगत सुटलो की माणसाला डोळ्यांनी दाखवलं की पटतं, आमच्या आबांची बघा तहानच गेली. घरात मी पुन्हा हसू-खिदळू लागलो होतो, आणि माझ्या मते हे सगळं माझ्या शिकवण्याने घडलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वजन केलं, पाय दाबून पाहिले, छातीला नळी लावली. खूश झाले.

"छान सांभाळलंत, बाबा. आता तहान नाही ना लागत फारशी?"

"नाही, नाही," मीच सांगून टाकलं. "ती तर कधीच गेली."

आबा शर्टाची बटणं लावत होते. "लागती की," ते म्हणाले. "उठल्यापसून लागती. जीभ टाळूला चिकटती. नळाचा आवाज आला की लई लागती. झोपंत बी हिरी दिसत्यात. तहान कुठं जाती, डाक्टर? तिला नुस्तं पाण्याम्होरं थोपवून धरायचं. घटकाभर ऱ्हाती उभी, मंग पुन्यांदा मुसंडी मारती. पुन्यांदा धरायचं."

डॉक्टर लिहायचे थांबले. मग त्यांनी बर्फाचा लहान खडा चघळायचं, लिंबाची फोड जिभेला लावायचं असं काहीबाही सांगितलं, गोळ्यांचा कागद दिला, आणि आम्ही बाहेर आलो.

रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. हायवेवरून ट्रकमागून ट्रक जात होते, तोंडावर गरम धूळ येत होती. माझ्या हातात आबांची बाटली होती, दिवसाच्या हिशोबातली, तळाला चार घोट राहिलेली. पाच महिने मी या माणसाच्या शेजारी बसून जेवत होतो.

"आबा, मला कधी सांगितलं नाही तुमी."

"तू इचारलंस कवा? तू बाटली बघायचास."

ते रागाने बोलले नव्हते. मेंढरू आज लंगडत होतं, हे सांगावं तितक्याच सहज बोलले होते. रिक्षा आली, भरलेली होती, तशीच पुढे गेली.

"आत्ता लागलीय का?" मी विचारलं.

"लागलीय."

मी झाकण काढून बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, दिवस किती उरलाय ते जोखलं, आणि एक घोट घेतला. तो तोंडात बराच वेळ धरून ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो, घोट गळ्याखाली उतरेपर्यंत.